सरांच्या चहातली साखर

"मॅडम, परीक्षेच्या आधी आठ दिवस अभ्यास करून पास होता येतं, तसं तपासणीच्या आधी आठ दिवस गोड सोडून पास होता येतं का?"

हा प्रश्न मी विचारला तेव्हा आमच्या शाळेच्या सभागृहात आठवी ते दहावीची पोरं मांडी घालून बसली होती. स्टेजवर माइकसमोर डॉक्टर अत्तार मॅडम होत्या, आणि त्यांच्या मागे शिक्षकांच्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर, माझे वडील होते.

प्रश्न तसा माझा नव्हता. तोंड माझं होतं. प्रश्न माझ्या लेझमीच्या गटातल्या वेदश्री आणि राजनंदिनीनं मिळून तयार केला होता आणि तू विचारूच शकत नाहीस, अशी माझ्याशी पैज लावली होती. वर्षभरापूर्वी त्यांचं बरोबर ठरलं असतं. सातवीपर्यंत हजेरीला मी "हजर" म्हणायचे तेसुद्धा पुढच्या बाकापर्यंत पोचायचं नाही. दोनदा तर वर्गात बसलेली असताना माझी गैरहजेरी लागली होती. आठवीत लेझमीच्या गटात घेतलं आणि सगळं बदललं. हातात लेझीम असली की गप्प राहण्याची सोयच नसते, तुम्ही नाही वाजलात तरी ती वाजते. जानेवारीतल्या संमेलनात मी पहिल्यांदाच पहिल्या रांगेत नाचणार होते. पहिल्या रांगेतली मुलगी पैजेला घाबरते का?

मी उठले. विचारलं. सभागृह जे हसलं ते हसलं.

कारण सगळ्या शाळेला ठाऊक होतं. माझे वडील म्हणजे मुळीक सर, गणिताचे. दर डिसेंबरात शाळेतल्या शिक्षकांची आणि त्यांच्या घरच्यांची आरोग्य तपासणी असायची, आणि तिच्या बरोबर आठ दिवस आधी मुळीक सर इस्त्रीची पँट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून मैदानाला दहा फेऱ्या मारायला लागायचे. घरून थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा यायचा. स्टाफरूममध्ये कुणी पेढे वाटले तर सर पेढा कागदात बांधून घरी आणायचे, आणि आई "वाया कशाला घालवायचा" म्हणून तो खाऊन टाकायची. तपासणी झाली, साखर नॉर्मल आली, की नवव्या दिवशी बूट माळ्यावर. आमच्या विटा गावातली पोरं कॅलेंडर बघत नव्हती, सर मैदानावर दिसले की डिसेंबर आला असं समजायची.

अत्तार मॅडम त्या वर्षी नवीनच आल्या होत्या, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी प्रश्न अगदी मनावर घेतला. म्हणाल्या, उपाशीपोटी साखर बघतात ती तोंडी परीक्षेसारखी असते, आठ दिवस सांभाळलं तर कधी कधी निभावून जातं. पण दुसरी एक तपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते.

"तिला दिवाळीतले लाडूसुद्धा आठवतात," मॅडम म्हणाल्या. "तिथं पाठांतर चालत नाही. आणि काही होत नसतानाच तपासायचं असतं, म्हणजे व्हायच्या आत कळतं. बाकी रोज अर्धा तास घाम येऊ दे. चाला, पळा, खेळा, नाचा."

"नाचा" ऐकल्यावर आमच्या लेझमीच्या सगळ्या गटानं टाळ्या वाजवल्या. डावीकडून तिसऱ्या खुर्चीनं नाही वाजवल्या.

बाबा चिडले की आवाज वाढवत नाहीत, कमी करतात. त्या संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, खुर्चीत बसले आणि इतक्या हळू आवाजात "शर्वरी, इकडे ये" म्हणाले, की मी दप्तर तसंच टाकून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी विचारलं, एवढ्या लोकांत उभं राहून बोलायला कुणी शिकवलं. मी म्हटलं, कुणी नाही. तेवढ्यात आतून आई गंमतीनं म्हणाली, "लेझमीनं शिकवलं, अजून कुणी?"

बिचारीनं कौतुकानं म्हटलं होतं. बाबांनी मात्र तेवढंच उचललं. म्हणाले, तेच ते. आठवी निम्मी संपली, गणितात चौसष्ट पडले, आणि पोरगी रोज दीड तास नाचते. आजपासून नाच बंद. दहावीचा निकाल लागेपर्यंत लेझीम माळ्यावर राहील.

मला रडू यायला हवं होतं. सातवीतली शर्वरी रडली असती. मी म्हणाले, "पण बाबा, प्रश्न चुकीचा होता का?"

"मी चार वर्षं दर वर्षी पास होतोय."

"आठ दिवसांच्या अभ्यासावर."

आईनं आत भांडं जरा जोरात ठेवलं. तो मला इशारा होता. मी तो ऐकला नाही असं दाखवलं.

बाबा उठले आणि हॉलमधल्या फळ्याकडे गेले. आमच्या हॉलमध्ये लोकांकडे असतं तसं शोकेस नाही, फळा आहे. गणित नुसतं सांगून येत नाही, करून दाखवावं लागतं, असं बाबांचं म्हणणं. त्यामुळे पाहुण्यांनासुद्धा ते एखादी गोष्ट फळ्यावर करून दाखवतात. त्यांनी खडू घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

क्ष < ६ : नाच बंद.
क्ष ६ किंवा जास्त : नाच चालू, वडील गप्प.

क्ष म्हणजे त्यांच्या तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा. उद्याच तपासणी होती. मी लगेच कबूल झाले, कारण मला दिवाळी आठवत होती. बेसनाचे लाडू, करंज्या, वर मामाकडच्या अनारशांचा डबा. शिवाय रोजचे पाच कप चहा. हा माणूस सहाच्या आत येणं शक्यच नव्हतं. साक्षीदार म्हणून मी आईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली, फळा वाचला, म्हणाली, "तुमचं काय ते बापलेकीचं," आणि तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन परत आत गेली. हल्ली ती असंच प्यायची पाणी. मी म्हटलं, चुलीपुढं उभं राहून होत असेल. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे, पण मी तेवढाही विचार केला नव्हता.

शनिवारी शाळेत तपासणी झाली. आई आली ती उपाशी राहिलेल्या शिक्षकांसाठी पोह्यांचा मोठा डबा घेऊन. बाबांनी बाही वर केली आणि मॅडमना स्वतःहून सांगितलं, ती तीन महिन्यांचीसुद्धा करा. मॅडमनी त्यांचं रक्त घेतलं आणि मग डब्याचं झाकण उघडणाऱ्या आईकडे बघितलं.

"तुमची कधी झाली होती?"

"माझी कशाला? मला काय होतंय?"

"म्हणूनच विचारलं," मॅडम म्हणाल्या.

आई डबा दाखवून म्हणाली, पोहे गार होतील. यावर बाबा पर्यवेक्षकाच्या आवाजात म्हणाले, "घे करून. पेपर सगळ्यांना सारखा." आईनं हातातल्या बांगड्या मागं सारल्या आणि बोट पुढं केलं. बोटातलं नको, दंडातलं लागतं, असं मॅडमनी सांगितल्यावर ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, आणि मी तिचा हात धरून उभी राहिले. डोळे माझे बाबांच्या बाटलीवर होते. त्या इवल्याशा बाटलीत माझी पहिली रांग होती.

रविवारी बाबांनी परत मैदानाला दहा फेऱ्या मारल्या. घरी आल्यावर आईनं केलेला शिरा त्यांनी बाजूला सारला. मी म्हटलं, "आता काय उपयोग? पेपर जमा झालाय." त्यांच्या वाटचा शिरा आईनं संपवला, वाया कशाला घालवायचा. मी परसात जाऊन लेझमीचे सगळे प्रकार दोनदा केले, मुद्दाम त्यांना ऐकू जातील असे.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघं मॅडमच्या दवाखान्यात गेलो. पायऱ्या वीसच असतील, पण मधेच आई थांबली आणि चप्पल नीट करायच्या निमित्तानं कठड्याला टेकली. बाबा केव्हाच वर पोचले होते.

टेबलावर दोन पाकिटं होती. मॅडमनी पहिलं उघडलं आणि चष्म्यातून बाबांकडे बघितलं. मी बाकाच्या टोकावर आले होते.

"पाच पूर्णांक सहा," त्या म्हणाल्या. "सर, छान आहे."

बाबांचा चेहरा मी त्याआधी एकदाच तसा बघितला होता, त्यांच्या वर्गातली मुलगी बोर्डात गणितात शंभरपैकी शंभर मिळवून आली तेव्हा. ते माझ्याकडे वळले, हवेत बोटानं "क्ष" काढलं आणि खाली रेघ ओढली.

गेली पहिली रांग. माझ्या डोळ्यांपुढे राजनंदिनी माझ्या जागेवर उभी राहिलेली मला स्पष्ट दिसली, आणि ती चौथा प्रकार नेहमी चुकते.

पण मॅडम अजून कागदाकडेच बघत होत्या. त्यांनी बाबांना विचारलं, हे कसं जमवलंत? बाबांनी अभिमानानं आठ दिवसांचा कार्यक्रम सांगितला, बुटांसकट. मॅडम म्हणाल्या, आठ दिवसांनी ही सरासरी हलत नाही. वर्षभर काय खाता-पिता ते सांगा.

"चहा किती?"

"पाच कप. घरचाच. थर्मासमधून नेतो, स्टाफरूमचा मला आवडत नाही."

"साखर?"

"कपाला दोन चमचे," बाबा म्हणाले. गणिताच्या माणसाला असे आकडे पाठ असतात.

"अर्धा," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती पर्सच्या बंदाशी खेळत होती.

"अर्धा चमचा. चार वर्षं झाली आता," ती हळूच म्हणाली. "यांच्या थोरल्या भावाला शुगर निघाली, तेव्हापासून. आधी दीड केला, मग एक, मग अर्धा. वेलची जास्त टाकते. यांना कळलं नाही."

"मला कळलं नाही?" बाबा म्हणाले.

"लाडवातपण निम्मीच टाकते. तुम्ही म्हणता, तुझ्या हातची चव आता जास्त चांगली झालीय."

मला इतकं हसू आलं की मी पैज हरल्याचं विसरले. चार वर्षं. मुळीक सर दर डिसेंबरात मैदानाला फेऱ्या मारून जी परीक्षा पास होत होते, तिचा सगळा अभ्यास आईनं केला होता.

मॅडमही हसत होत्या. हसतच त्यांनी दुसरं पाकीट उघडलं, आणि हळूहळू त्यांचं हसू थांबलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमचा आकडा आठ पूर्णांक चार आहे."

आई माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे बाबांपेक्षा जास्त?" जसं काही मार्क जास्त पडले होते.

मॅडमनी खुर्ची पुढं ओढली. विचारायला लागल्या. तहान लागते का? पायांना मुंग्या येतात का? चष्म्याचा नंबर बदलला का? आई प्रत्येकाला मान हलवत गेली, आणि ती प्रत्येक गोष्ट मी घरात बघितली होती, पाण्याच्या तांब्यापासून वीस पायऱ्यांपर्यंत. मग मॅडमनी विचारलं, तुमच्या चहात साखर किती?

आईनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला. शेवटी तिनं बाबांकडे न बघता सांगितलं.

आमच्या घरी किराण्याची यादी बाबा करतात. साखर महिन्याला चार किलो, तिघांच्या हिशेबानं, दर महिन्याला. तीस तारखेला ते साखरेचा डबा हलवून बघतात. उरली असेल तर विचारतात, का उरली? मागणी कुठं चुकली? मग आई काय सांगणार होती? यांच्या चहातली काढली म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून परत दोन चमचे सुरू झाले असते. म्हणून यांच्या कपातली साखर ती आपल्या पेल्यात घालायची. दुपारी चारला एकटी असली की शिरा करायची. महिनाअखेरीला डबा रिकामा असायचा, आणि बाबांचं गणित बरोबर यायचं.

"संपवायला तर हवी ना," आई म्हणाली.

बाबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला, परत काढला.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "फेकून द्यायची होतीस."

बाबा आईला माझ्यासमोर कधीच नावानं हाक मारत नाहीत, "अगं" म्हणतात. आईसुद्धा चपापली. म्हणाली, "साखर कुणी फेकतं का?"

मॅडमनी समजावून सांगितलं. घाबरण्यासारखं नाही, वेळेत सापडलंय. गोळी रोज घ्यायची. डोळे आणि पाय तपासून घ्यायचे, दर वर्षी न चुकता. तीन महिन्यांनी हीच तपासणी परत. आणि रोज अर्धा तास व्यायाम.

"मी दिवसभर उभीच असते की," आई म्हणाली.

"उभं राहणं वेगळं. घाम येतो का? धाप लागेपर्यंत हसू येतं का?" मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शेवटचं कधी नाचलात?"

मला वाटलं, आई लाजेल. ती लाजली नाही, आठवायला लागली. "लग्नाच्या आधीच्या पंचमीला. फुगडीत सतरा जणी दमवल्या होत्या मी. अठरावीच्या वेळी मला घरून बोलावणं आलं, म्हणून ती वाचली."

हे मला माहीत नव्हतं. बाबांकडे बघितलं, तर त्यांनाही माहीत नव्हतं. मग पुढं का नाही, असं मॅडमनी विचारलं. आई साधेपणानं म्हणाली, "सरांची बायको कुठं नाचते?"

आम्ही घरी आलो. दार उघडल्या उघडल्या समोर फळा होता. क्ष < ६ : नाच बंद. बाबा चप्पल न काढताच फळ्याकडे गेले आणि त्यांनी डस्टर उचलला. मला कळलं, ते काय करणार होते. पैज जिंकूनसुद्धा ते ती पुसून टाकणार होते, आणि मी "थँक्यू बाबा" म्हणून उद्या पहिल्या रांगेत जाऊन उभी राहणार होते. आई स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी होती, आणि चहाचं पातेलं नेहमीसारखं तिच्या हातात आलेलंच होतं.

"पुसू नका," मी म्हणाले.

डस्टर हवेत थांबला.

"आई, पातेलं ठेव. दोघंही बसा. मला काहीतरी सांगायचंय."

दोघं बसले. मीही जरा चकित झाले, कारण त्या घरात मी बसा म्हटल्यावर आजवर फक्त मांजर बसलं होतं. मी माळ्याखाली स्टूल ओढलं, वर चढले, बाबांचे कॅनव्हासचे बूट काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि खडू हातात घेतला.

"बाबा, तुम्ही जिंकलात. फळ्यावर लिहिलंय ते खरं. उद्यापासून मी नाचणार नाही, शिकवणार. रोज साडेसहा ते सात, याच हॉलमध्ये. आई पहिल्या रांगेत, तुम्ही मागच्या. आणि नुसतं सांगून येत नाही, करून दाखवावं लागतं, त्यामुळे शाळेतल्या तालमीला मी जाणारच. तयारी न करता वर्गावर येणारे शिक्षक तुम्हालाही आवडत नाहीत. साखर महिन्याला एक किलो, यादी मी करणार. मार्चमध्ये दोघांचीही परीक्षा, तीन महिन्यांची. शेवटच्या आठ दिवसांत केलेला अभ्यास धरला जाणार नाही."